डायमेथिल फ्युमरेटचे पहिले दोन महिने: चेहरा तापतो, पोट बिघडतं, तेव्हा काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या, सकाळच्या शाळेत शिकवणाऱ्या 32 वर्षांच्या एका ताईंना एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या आवरणावर उलटण्याचा आजार), असल्याचं निदान झालं. न्यूरोलॉजिस्टनी या आजाराचे पुढचे अटॅक रोखणाऱ्या डायमेथिल फ्युमरेटच्या कॅप्सूल सुरू केल्या: पहिले सात दिवस 120 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठव्या दिवसापासून 240 मिलिग्रॅम दोनदा. आज दहावा दिवस. सकाळी सव्वासहाला चहा-टोस्टसोबत कॅप्सूल घेतली की परिपाठाच्या वेळी कान तापतात, चेहरा, मान, छाती लालभडक होते, खाज सुटते. दुपारी पोटात मुरडा आणि तीन-चारदा पातळ संडास. मेडिकलमधून सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी आणून पाहिली, फरक पडला नाही. दोन दिवस कॅप्सूल उघडून अर्धीच पाण्यातून घेतली, तर पोट आणखी बिघडलं. घरचे म्हणतात, औषध उष्ण पडलं, बंद कर. त्यात मे महिना तोंडावर. औषध सोडायचं, बदलायचं की सहन करायचं?

ताई, बंद करू नका. पण आज जसं घेताय तसंही पुढे रेटू नका. उद्या सकाळी न्यूरोलॉजिस्टना फोन करा आणि डोस काही दिवस पुन्हा 120 वर आणू का, एवढं विचारा. कॅप्सूल चहावरून उचलून जेवणावर ठेवा. आणि ती उघडणं आजपासून थांबवा. तुमच्या त्रासाचा मोठा भाग या तीन गोष्टींत अडकलेला आहे. हे औषध दहा दिवसांत सोडून देणाऱ्या बऱ्याच जणांना ते सोसत नव्हतं असं नसतं. ते रिकाम्या पोटी घेतलं जात होतं, एवढंच असतं.

आधी ती लाली कुठून येते ते समजून घ्या, म्हणजे भीती कमी होईल. हे औषध आतड्यात उतरताच मोनोमेथिल फ्युमरेटमध्ये बदलतं. हा पदार्थ त्वचेतल्या पेशींवरच्या एका ठरावीक रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागेला, चिकटतो. नायसिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतलं की चेहरा लाल होतो, तोही याच रिसेप्टरमुळे. तिथून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येतं, आणि आतून शेगडी पेटल्यासारखं वाटतं. सेट्रिझिन हिस्टामिन या ॲलर्जीच्या रसायनाविरुद्ध काम करते आणि इथला मुख्य कारभार प्रोस्टाग्लँडिनचा आहे, म्हणून तिचा फारसा उपयोग झाला नाही. लाली साधारण अर्ध्या तासात सुरू होते आणि बहुतेकांची तास-दीड तासात उतरते. औषधाच्या मोठ्या चाचण्यांत 100 पैकी सुमारे 40 जणांना ती झाली. त्यापायी औषध कायमचं सोडावं लागलेले होते 100 पैकी तिघं. पोटदुखी 18 टक्क्यांना, जुलाब 14 टक्क्यांना, मळमळ 12 टक्क्यांना झाली आणि पोटाच्या तक्रारींमुळे सोडणारे सुमारे 4 टक्के होते. पोटाचा सगळ्यात जास्त त्रास पहिल्या महिन्यात होतो, मग तो ओसरत जातो. तुम्ही अजून त्याच महिन्यात आहात.

आपल्याकडे अंग लाल झालं की 'पित्त उठलं' म्हणतात, आणि इथे घोटाळा होतो. पित्तात त्वचेवर गांधी उठतात. बोटाने चाचपलं तर कडा लागते, एक गांध विरते तोवर दुसरीकडे नवी येते. या औषधाच्या लालीत त्वचा सपाट राहते, सगळीकडे सारखी तापते, आणि घड्याळ लावल्यासारखी कॅप्सूलनंतर ठरावीक वेळाने येऊन जाते. आरशासमोर उभं राहून एकदा बोट फिरवून पाहा. सपाट असेल तर ओला पंचा मानेवर ठेवा, पंख्याखाली बसा, साधं गार पाणी घोट घोट प्या आणि तास-दीड तास जाऊ द्या. बर्फ चोळू नका, फेसवॉशने घासू नका. फुगीर गांधी असतील, ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, घसा आवळला, श्वास लागला, चक्कर येऊन अंधारी आली, तर ती लाली नाही, ॲलर्जीची गंभीर प्रतिक्रिया असू शकते. मग पुढची कॅप्सूल घ्यायची नाही आणि वाट पाहत बसायचं नाही. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत त्याच क्षणी जायचं, 108 ला फोन करायचा. अशी प्रतिक्रिया पहिल्या डोसला येऊ शकते, तशी नंतर कधीही येऊ शकते.

आता जेवणाचं. भरपूर स्निग्ध जेवणासोबत ही कॅप्सूल घेतली तर रक्तातली औषधाची सर्वोच्च पातळी सुमारे 40 टक्क्यांनी कमी राहते, आणि ती दोन-अडीच तासांऐवजी साडेपाच तासांच्या आसपास येते. शरीरात एकूण जाणारं औषध मात्र तेवढंच राहतं. म्हणजे गुण कमी होत नाही, फक्त औषधाचा लोंढा एकदम न येता संथ येतो. नुसतं जेवणासोबत घेतल्याने लालीचं प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने घटतं. चहा आणि दोन टोस्ट हे या हिशेबात जेवण नाही. त्यात तूप-तेल आणि प्रथिनं नावालाच, आणि वर गरम चहा, जो स्वतःच लाली वाढवतो.

जेवण म्हणजे काय ते नीट सांगतो. दोन पोळ्या, एका पोळीवर चमचाभर तूप, आणि वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ. किंवा दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि पोळी. किंवा लोणी लावलेलं थालीपीठ आणि दही. पोहे खायचे असतील तर चांगले मूठभर शेंगदाणे घातलेले, सोबत दह्याची वाटी, आणि तर्रीशिवाय. नागपुरात तर्रीशिवाय पोहे म्हणजे शिक्षाच, याची कल्पना आहे. पण मिरचीही चेहरा तापवते आणि आतड्याला डिवचते. पहिले सहा आठवडे तर्री आणि सावजी रस्सा बाजूला ठेवा. नंतर एकेक घास करून परत आणता येतील. पोळी-भाजी काहीच शक्य नसेल अशा दिवशी दोन मोठे चमचे पीनट बटर लावलेला ब्रेड किंवा दोन शेंगदाण्याचे लाडू आणि कपभर कोमट दूध, एवढ्यावरही बऱ्याच जणांचं निभावतं.

कॅप्सूल ताटाच्या आधी नाही, ताट संपल्यावरही नाही. अर्धं जेवण झालं की पाण्यासोबत गिळायची आणि उरलेलं अर्धं तिच्यावर खायचं. दिसायला क्षुल्लक गोष्ट आहे, पण मळमळ होणाऱ्यांना तिचा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

उपवासाचं विचारलं नाहीत, तरी विषय निघणारच. चतुर्थीला किंवा एकादशीला कॅप्सूल चुकवायची गरज नाही. भरपूर दाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि दही, किंवा भगर आणि दाण्याची आमटी, हे या कॅप्सूलसाठी टोस्टपेक्षा कितीतरी चांगलं जेवण आहे. निर्जळी किंवा नुसत्या फळांवरचा उपवास मात्र पहिले दोन महिने नको.

तुमची खरी अडचण वेळेची आहे. सव्वासहाला कोणाला पोळी-उसळ जात नाही. मग कॅप्सूल सव्वासहाला घेऊच नका. मधल्या सुट्टीत, समजा दहा वाजता, डबा खाता तेव्हा घ्या आणि दुसरी रात्री साडेआठच्या जेवणात. मध्ये साडेदहा तास पडतात, चालतं. दोन डोस बरोबर बारा तासांवरच हवेत असा हट्ट धरू नका. दोन्ही डोस पोटभर खाण्यासोबत असणं जास्त महत्त्वाचं आहे. डब्यात रोज दाण्याची चटणी, पनीर, अंडं किंवा उसळ यांपैकी एक तरी हवं. एक लक्षात ठेवा: भरल्या पोटी घेतलेल्या कॅप्सूलची लाली कधी कधी तीन-चार तासांनी, म्हणजे शाळेतून घरी परतताना येते. दुपट्टा बांधून गाडीवर असताना चेहरा तापला तर उन्हामुळे वाटेल. उन्हाचाही वाटा असेलच. सावलीत थांबून दहा मिनिटांत बरं वाटलं तर ते ऊन, तासभर तसंच राहिलं तर कॅप्सूल, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

रात्री जेवून दोन तासांनी, झोपताना कॅप्सूल घेण्याची सवय असेल तर तीही सोडा. तोवर पोट अर्धं रिकामं झालेलं असतं. मग पहाटे पोटात कळ येऊन जाग येते आणि दोष औषधाला जातो.

कॅप्सूल उघडण्याबद्दल. तिच्या आत पूड नसून बारीक गोळ्या असतात. त्यांच्यावर जठरातल्या आम्लात न विरघळणारा लेप असतो, म्हणजे औषध पोटात न सुटता पुढे आतड्यात सुटावं. त्या ठेचल्या, चावल्या किंवा पाण्यात घोळवल्या तर लेपाचा उपयोग संपतो आणि औषध थेट जठराच्या अस्तरावर पडतं. तुमचं पोट त्या दोन दिवसांत जास्त बिघडलं ते यामुळेच. शिवाय अर्धा डोस घेतल्यासारखं वाटतं, पण किती गेलं ते कोणालाच सांगता येत नाही. डोस कमी करायचा तर 120 ची अख्खी कॅप्सूल घेऊनच करायचा.

120 वर परत येणं म्हणजे माघार नाही, औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच ही सोय दिली आहे: त्रास होत असेल तर काही काळ 120 दोनदा घ्या आणि चार आठवड्यांच्या आत 240 दोनदावर परत जा. चार आठवडे ही मर्यादा यासाठी, की 240 दोनदा हाच या औषधाचा नेहमीचा, पूर्ण डोस आहे. 120 वर कायमचं रेंगाळलात तर एमएसपासून पुरेसं संरक्षण मिळतंय असं म्हणता येणार नाही. चढतानाही एकदम उडी मारायची गरज नाही. अनेक न्यूरोलॉजिस्ट पायऱ्या करून देतात: आठवडाभर 120 सकाळी आणि 120 रात्री, पुढच्या आठवड्यात 120 सकाळी आणि 240 रात्री, त्यापुढे दोन्ही वेळा 240. मोठा डोस आधी रात्रीला, कारण रात्रीचं जेवण भरपूर असतं आणि लाली आली तरी वर्गात उभं राहायचं नसतं. ही पायरी तुमच्या डॉक्टरांच्या सहमतीनेच ठरवा आणि चिठ्ठीवर तारखांसकट लिहून घ्या. 120 आणि 240 च्या स्ट्रिप्स एका डब्यात ठेवू नका, अदलाबदल होते.

एवढं करूनही लाली असह्य असेल तर ॲस्पिरिनचा उपाय आहे. कॅप्सूलच्या अर्धा तास आधी, लेप नसलेली, 325 मिलिग्रॅमपर्यंतची. ती प्रोस्टाग्लँडिन बनण्यालाच अडवते, म्हणून तिचा परिणाम दिसतो. आपल्याकडे हृदयरोग्यांना मिळणाऱ्या 75 किंवा 150 च्या गोळ्या बहुधा लेपवाल्या असतात. त्या उशिरा विरघळतात, त्यामुळे घरात आजोबांची स्ट्रिप आहे म्हणून त्यातली एक घेऊन उपयोग नाही. आणि हा उपाय डॉक्टरांना विचारूनच, थोडे दिवसच. पोटात अल्सर होऊन गेला असेल, दमा असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, गर्भ राहण्याची शक्यता असेल, तर नको. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने नागपुरात डेंग्यूचे असतात. अंगात ताप असताना ॲस्पिरिनला हात लावायचा नाही, तापासाठी पॅरासिटामॉल.

पोटाकडे वळू. मुरडा आणि पातळ संडास यांवर मेडिकलवाले हमखास ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी काढून देतात. हे जंतूंचे जुलाब नाहीत, अँटिबायोटिकने आतडं आणखी बिघडेल. ताक, दहीभात, मऊ खिचडी, केळं. पातळ संडास चारच्या वर गेल्या तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात घोळा, दिवसभर घोट घोट प्या, उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकून द्या. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकणं चुकीचं आहे, जास्त मिठाने जुलाब वाढतात. शाळेत जाणं भागच असेल अशा दिवसासाठी डॉक्टरांनी परवानगी दिली तर जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडची 2 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल हाताशी ठेवा. ताप किंवा संडासमध्ये रक्त असेल, किंवा घरात आणखी कोणाला जुलाब असतील, तर ते औषधाचं नाही. मग लोपरामाइड घ्यायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. एप्रिल-मेमध्ये पाण्यातून आणि उघड्यावरच्या उसाच्या रसातून खरे जंतुजुलाबही होतात, हा फरक करता आला पाहिजे.

छातीत जळजळ वेगळी. निदानाच्या वेळी मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे सलाइन लागले असतील तर त्यानंतर पोट आधीच हळवं झालेलं असतं. डॉक्टर ॲसिड कमी करणारी पँटोप्राझोल लिहून देतील, ती सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी. उलटी झाली तर दुसरी कॅप्सूल लगेच घेऊ नका, पुढच्या वेळेलाच घ्या. विसरलात तर आठवल्यावर जेवणासोबत घ्या, पण पुढच्या डोसला किमान चार तास उरलेले असले पाहिजेत. नाहीतर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. जुलाब, घाम आणि या गोळ्या एकत्र आल्या की मूत्रपिंडावर ताण येतो. पाय दुखले तर पॅरासिटामॉल. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढेही बंद. एमएसमध्ये प्रतिकारशक्तीच आपल्या मज्जातंतूंच्या आवरणावर उलटलेली असते, आणि गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. यकृताच्या तपासण्यांवर लक्ष ठेवायचं असताना हा गोंधळ कशाला? मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर बाटलीवर 'निकोटिनिक ॲसिड' लिहिलंय का पाहा. तेच नायसिन, त्याच रिसेप्टरवर जाऊन बसणारं. 'निकोटिनामाइड' असेल तर हरकत नाही. तीव्र दारू कॅप्सूलच्या आगेमागे घेतली तर पोटाचा त्रास वाढतो.

आता नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. एमएसमध्ये आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान थोडं जरी वाढलं तरी तो अडतो. मग जुनी लक्षणं, डोळ्यांपुढे धूसर, पायात जडपणा, हाताला मुंग्या, पुन्हा डोकं वर काढतात. याला उथॉफची घटना म्हणतात, 1890 मध्ये वर्णन केलेली. अंग गार झालं की लक्षणं उतरतात. हे औषधाचं नाही आणि एमएसचा नवा अटॅकही, म्हणजे आजाराचा नवा झटकाही, नाही. नवा अटॅक म्हणायचा तर लक्षण 24 तासांपेक्षा जास्त टिकलं पाहिजे आणि ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असं दुसरं कारण नसलं पाहिजे. म्हणून 45 अंशांच्या दुपारी घरी येऊन पाय जड वाटले, तर आधी कूलरसमोर बसा, पाय साध्या पाण्यात ठेवा, तासा-दोन तासांनी पुन्हा पाहा. उतरलं नाही, दुसऱ्या दिवशीही तसंच असलं, तर न्यूरोलॉजिस्टना कळवा.

आपल्याकडचा वाळ्याचा कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. जूनमध्ये पावसाची चाहूल लागून हवा दमट झाली की तोच कूलर चिकचिक वाढवतो आणि शरीर गार होत नाही. त्या पंधरा-वीस दिवसांत एसीची खोली, किंवा निदान कूलरचा पंप बंद करून नुसती हवा आणि अंगावर ओला पंचा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ, दिवसांत जमेल तिथे दुपारी 12 ते 4 बाहेर पडू नका. कॅप्सूलही उन्हाळ्यात जपावी लागते: 30 अंशांखाली आणि उजेडापासून दूर. स्वयंपाकघरातलं कपाट, फ्रिजच्या वरची जागा, गाडीची डिकी या तिन्ही चुकीच्या जागा. जी खोली सर्वांत गार राहते तिथल्या आतल्या कपाटात, मूळ वेष्टनातच ठेवा. शाळेत न्यायची एकच कॅप्सूल, तीही डब्याच्या गरम कप्प्यात नको.

तपासण्यांकडे दुर्लक्ष होतं, कारण त्या वेळी बरं वाटत असतं. हे औषध लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी करतं, पहिल्या वर्षात सरासरी 30 टक्क्यांनी, मग संख्या स्थिरावते. म्हणून सुरू करण्याआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि नंतर दर तीन महिन्यांनी. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा. रिपोर्टवर लिम्फोसाइटचे टक्के छापलेले असतात, पण बघायची असते खरी संख्या. एकूण पांढऱ्या पेशी 5200 आणि लिम्फोसाइट 18 टक्के असतील, तर 5200 गुणिले 18 भागिले 100, म्हणजे 936. हा आकडा 800 ते 500 दरम्यान सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिला तर औषध पुढे चालवायचं का याचा पुन्हा विचार होतो. 500 च्या खाली सहा महिन्यांहून जास्त राहिला तर औषध थांबवतात. स्टेरॉइडचे सलाइन नुकतेच झाले असतील तर तेव्हाचा सीबीसी फसवा असतो, तो पायाभूत आकडा धरू नका.

दोन रिपोर्ट विनाकारण घाबरवतात. पहिल्या दोन महिन्यांत इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी तात्पुरत्या वाढलेल्या दिसू शकतात. ते पाहून कोणी जंताचं औषध किंवा 'इस्नोफिलिया'चा कोर्स लावला तर आधी आपल्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा. आणि लघवीच्या पट्टीवर किटोन येऊ शकतात, म्हणून लगेच मधुमेह ठरवू नका. मात्र लघवीची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं सांगा.

लगेच फोन करण्याजोगी लक्षणं आणखी काही: लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड, म्हणजे नागीण. तिचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं बरं. आणि दिवसागणिक वाढत जाणारा नवा अशक्तपणा, बोलण्यात अडखळणं, नजर किंवा वागणं बदलणं. लिम्फोसाइट दीर्घकाळ कमी राहिलेल्यांत मेंदूचा पीएमएल नावाचा दुर्मिळ पण गंभीर संसर्ग होऊ शकतो, तो असा हळूहळू चढतो.

मूल हवं असेल तर हे औषध घेताना गर्भधारणा होऊ देऊ नये, आधी डॉक्टरांशी बोलून आखणी करायची. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर हेही लक्षात असू द्या, की उलट्या-जुलाबांच्या दिवसांत त्या नीट शोषल्या जात नाहीत. पहिले दोन महिने सोबत निरोध वापरा.

औषध बदलायचं का, या प्रश्नाचं उत्तर आत्ता देता येत नाही. वर सांगितलेलं सगळं करून सहा ते आठ आठवडे झाले आणि तरीही जगणं अवघड असेल, तर जरूर बदला. पण बिनत्रासाचं औषध वाट पाहत बसलंय असं समजू नका. इंटरफेरॉनच्या इंजेक्शननंतर रात्री थंडी-ताप येतो, आणि ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. मेमध्ये लोडशेडिंग झालं की ती वेगळीच काळजी. टेरिफ्लुनोमाइडमध्ये सुरुवातीच्या महिन्यांत केस विरळ होतात, पहिले सहा महिने दर महिन्याला यकृताची तपासणी करावी लागते, आणि गर्भधारणेत ते अजिबात चालत नाही. फिंगोलिमोडच्या पहिल्या डोसला हृदयाच्या ठोक्यांवर सहा तास लक्ष ठेवतात. रिटुक्सिमॅबच्या आधी हेपॅटायटिस बीची तपासणी लागते आणि पहिलं सलाइन फार हळू सोडावं लागतं. डायमेथिल फ्युमरेटच्या दोन मोठ्या चाचण्यांत अटॅकचं वार्षिक प्रमाण औषध नसलेल्या कॅप्सूलच्या तुलनेत 53 आणि 44 टक्क्यांनी घटलं होतं. तो फायदा महिन्यांच्या हिशेबात दिसतो, दहा दिवसांत त्याचा निवाडा होत नाही. हातापायाच्या जुन्या मुंग्या त्याने जातील अशीही अपेक्षा ठेवू नका. त्याचं काम पुढचे अटॅक रोखण्याचं आहे.

घरच्यांना समजावण्यासाठी एक वही उपयोगी पडेल. पानावर पाच रकाने आखा: कॅप्सूलची वेळ आणि डोस, सोबत काय खाल्लं, लाली किती वाजता आली आणि किती वाजता गेली, संडास किती वेळा, आणि त्या दिवशी बाहेर किती वेळ होतात. दोन आठवडे भरा. चहा-टोस्टवरचे दिवस आणि दाण्याची चटणी, तूप-पोळीवरचे दिवस शेजारी-शेजारी दिसले की बंद करण्याचा आग्रह बराचसा निवळेल. हीच वही पुढच्या भेटीला न्यूरोलॉजिस्टसमोर उघडा. डोस कधी आणि किती वाढवायचा, ते त्या पानांवरून ठरवणं त्यांना सोपं जाईल.